बर्लिंग्टन (व्हरमाँट) : लेक, बीच आणि पार्क, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की न्यू जर्सी, बॉस्टन, माँट्रियलकडच्या मंडळींचे मेसेज सुरू होतात. आई-बाबा भारतातून आलेत, लाँग वीकेंडला व्हरमाँटला यायचं म्हणतोय, लेकवर काय काय आहे, मुलांना पोहता येईल का. प्रश्न बरेचसे तेच असतात म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवलेत, आधी साधे आणि मग अडचणीचे. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे, येताना हॉटेलचे रिव्ह्यू जेवढे बारकाईनं वाचता तेवढंच त्या दिवशीचं पाणीही बघा, कारण इथला किनारा सगळ्यांना कायम उघडा आहे पण पाणी रोज सारखं नसतं.

१. बर्लिंग्टन केवढं आहे आणि हा लेक म्हणजे साधं तळं आहे का?

गाव छोटं आहे, २०२० च्या जनगणनेत ४४,७४३ माणसं, आणि तरी व्हरमाँट राज्यातलं सगळ्यात मोठं शहर हेच. लेक शँप्लेन मात्र मोठा आहे, उत्तर-दक्षिण लांबी जवळजवळ १९३ किलोमीटर म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षा जास्त, सगळ्यात रुंद जागी १९ किलोमीटर आणि सगळ्यात खोल जागी १२० मीटरच्या वर. पाणी गोडं. एका बाजूला व्हरमाँट, समोर न्यू यॉर्क राज्य आणि वरचं टोक कॅनडात क्युबेकमध्ये. पाणी उत्तरेकडे वाहतं, रिशल्यू नदीतून पुढे सेंट लॉरेन्सला मिळतं. १९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेनं ह्याला कायद्यानं ‘ग्रेट लेक’ म्हणून टाकलं होतं, पण अठरा दिवसांत तो मान परत काढून घेतला.

२. गाडी नाहीये, ट्रेननं येता येतं का?

येतं, आणि मी तर म्हणेन न्यू यॉर्कहून येणाऱ्यांनी एकदा तरी ट्रेननंच यावं. अ‍ॅमट्रॅक ह्या रेल्वे कंपनीची ईथन अ‍ॅलन एक्सप्रेस जुलै २०२२ पासून बर्लिंग्टनपर्यंत येते, साडेसात तासांच्या आसपास लागतात, दिवसाला एकच गाडी असते. स्टेशन मेन स्ट्रीटच्या पायथ्याला म्हणजे अक्षरशः लेकच्या काठावर आहे, उतरल्यावर पाच-दहा मिनिटं चाललं की वॉटरफ्रंट पार्क. माँट्रियल गाडीनं दीड-दोन तासांवर आहे पण मध्ये बॉर्डर आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवाल्या पाहुण्यांना ‘जाता जाता माँट्रियल पण करून येऊ’ असं सांगू नका, कॅनडाचा व्हिसा आधी बघा आणि अमेरिकेत परत यायचे कागदही.

३. पोहायला कुठला बीच चांगला?

लहान मुलं असतील तर डोळे झाकून नॉर्थ बीच. सगळ्यात मोठा, वाळू आहे, पाणी हळूहळू खोल होत जातं, बाथरूम आणि कपडे बदलायची सोय आहे, आणि सीझनमध्ये ठरलेल्या वेळी लाइफगार्ड असतात (वेळेचा बोर्ड बघूनच मुलांना सोडा, लाइफगार्ड नाहीत म्हणजे लक्ष सगळं तुमचं). उन्हाळ्यात बाहेरच्या गाड्यांना पार्किंगचे पैसे पडतात. चालत किंवा सायकलवर आलात तर काही नाही, म्हणून बरेच जण गाडी गावात लावून बाइक पाथनं (काठाकाठानं जाणारी सायकलची वाट, प्रश्न १०) येतात.

गर्दी नको असेल तर उत्तरेला लेडी पार्कचा बीच, दक्षिणेला ओकलेज पार्कमधला ब्लँचर्ड बीच. दोन्ही छोटे आणि निवांत. ओकलेजला वाळू कमी, खडक जास्त, तिथले सपाट लालसर खडक संध्याकाळी नुसतं बसायला फार छान आहेत पण ओले असले की घसरतात.

कुठेही जा, पायात वॉटर शूज हवेतच. ह्या लेकमध्ये १९९३ साली झेब्रा मसल नावाचे नखाएवढे शिंपले सापडले, बाहेरून आलेले, आता ते खडकांना चिकटून सगळीकडे आहेत आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. अनवाणी उतरलेल्या पाहुण्यांचे पाय कापलेले दरवर्षी बघायला मिळतात.

४. पाणी केवढं थंड असतं? मे महिन्यात आलो तर पोहता येईल?

मेमध्ये ऊन २५ डिग्रीचं असलं तरी पाणी हाडं गोठवणारं असतं, बर्फ वितळून आलेलं ताजं पाणी असतं ते. चांगल्या पोहणाऱ्याचाही एकदम उडी मारल्यावर श्वास अडकतो आणि तेवढ्यात नाकातोंडात पाणी जातं. पाय बुडवा, फोटो काढा, बस. पोहायचं तर जुलै-ऑगस्ट, तेव्हा किनाऱ्याजवळचं पाणी विशीच्या वर जातं. अजून एक, वसंतात लेकची पातळी चढलेली असते म्हणून बीच अरुंद दिसतो, फोटोत बघितलेली रुंद वाळू कुठे गेली असं वाटेल, ती पाण्याखाली आहे, उन्हाळा सरता सरता परत वर येते. २०११ च्या मेमध्ये तर पातळी समुद्रसपाटीपासून १०३ फुटांच्या वर गेली होती, पुराची खूण १०० फुटांची आहे.

५. आज पाणी स्वच्छ आहे की नाही हे कसं कळणार? ऑनलाइन काहीतरी हिरव्या शेवाळाचं वाचलं.

हे उत्तर नीट वाचा, बाकीचं चाळलंत तरी चालेल. दोन वेगळ्या भानगडी आहेत आणि लोक त्या एकच समजतात.

पहिली म्हणजे नीलहरित शेवाळ. शेतातलं खत, गुरांचं शेण, रस्त्यावरचं आणि गटाराचं पाणी ह्यातून फॉस्फरस लेकमध्ये येतो, वर ऊन तापलं आणि वारा पडला की हे शेवाळ झपाट्यानं वाढतं. खरं तर हे शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहेत, आणि त्यातले काही विष सोडतात. अंगाला पुरळ, घसा धरणं, उलट्या-जुलाब असं होऊ शकतं, लहान मुलं आणि कुत्री ह्यांना जास्त धोका कारण ती पाणी पितात. दिसायला कसं, तर पालकाची पातळ भाजी ढवळल्यासारखं, किंवा काठाला हिरवा-निळसर रंग सांडलाय असं. हातात धरून उचलता येतील असे लांब हिरवे धागे असतील तर ते बहुतेक साधं शेवाळ, पण शंका आली तर उतरू नका. पाणी उकळून हे विष जात नाही, म्हणून लेकचं पाणी तसंच किंवा उकळून प्यायचा विचारही नको. मजा म्हणजे सकाळी खच्चून हिरवं असलेलं पाणी वारा फिरला की दुपारी साफ दिसतं आणि उलटंही होतं, त्यामुळे काल मित्रानं टाकलेल्या फोटोवर विसंबू नका. राज्याचा आरोग्य विभाग उन्हाळ्यात शेवाळाचा नकाशा चालवतो, निघायच्या दिवशी सकाळी तो बघा आणि बीचवर पोचल्यावर बोर्ड वाचा.

दुसरी भानगड पावसाची. गावाच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जातं. धो धो पाऊस झाला की सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटला तेवढं पेलत नाही आणि अर्धवट साफ केलेलं पाणी लेकमध्ये जातं. मग ई-कोलाय ह्या मैल्यातल्या बॅक्टेरियाचं प्रमाण वाढतं आणि बीच बंद करतात. बंदीचा बोर्ड नसला तरी मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस मी कुणालाच पाण्यात उतरू देत नाही. वाळूत खेळा, बाइक पाथला जा, उरलेले पर्याय पुढे आहेतच.

६. नळाचं पाणी पण ह्याच लेकचं का मग?

हो, बर्लिंग्टनच्या नळाला येतं ते लेकचंच पाणी, पण खोलातून घेऊन प्रक्रिया केलेलं आणि तपासलेलं. बिनधास्त प्या. म्हणूनच लेकमध्ये काहीही टाकलेलं बघितलं की इथल्या लोकांना राग येतो (विसर्जनाचा प्रश्न शेवटी बघा).

७. आईला साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये पाण्यात उतरायचंय, कुणी काही म्हणेल का?

कुणी काही म्हणणार नाही, ड्रेस कोड नाही. पण गुडघाभर पाण्यापर्यंतच. सुती साडी भिजली की जड होते, पायात गुंडाळली जाते, आणि ओढणी तर काढूनच ठेवायची. पुढे जायचं असेल तर लेगिंग आणि टी-शर्ट घालू द्या, हल्ली पूर्ण बाह्यांचे स्विमसूटही सर्रास मिळतात. आणि चप्पल नको, वॉटर शूज (प्रश्न ३).

८. आजी-आजोबांना चालवत नाही, त्यांना काय दाखवायचं?

वॉटरफ्रंट पार्क. लाकडी बोर्डवॉक एकदम सपाट आहे, व्हीलचेअर जाते, आणि पाण्याकडे तोंड करून मोठे लाकडी झोपाळे टांगलेत, बाकासारखे, दोघं-तिघं बसतील असे. आजी-आजोबांना एकदा झोपाळ्यावर बसवलं की ते तास-दोन तास हलत नाहीत, समोर शिडाच्या बोटी आणि पलीकडे न्यू यॉर्कचे अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगर. रिकामा झोपाळा मिळायला मात्र संध्याकाळी जरा आधी जावं लागतं. शेजारीच एको नावाचं लेकचं म्युझियम आहे, मासे-बेडकं-कासवं बघायला नातवंडं तिकडे रमतात.

एक चूक करू नका, चर्च स्ट्रीट (गावातला दुकानांचा मुख्य रस्ता) ते लेक हा रस्ता नकाशावर जवळ दिसतो पण लेककडून परत येताना चांगलाच चढ आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर गाडी खालीच लावा.

ओकलेज पार्कमध्ये झाडांवर बांधलेलं एक घर आहे ज्यात रॅम्पनं व्हीलचेअर वरपर्यंत जाते. ज्या मुलाला आयुष्यात कधी झाडावर चढता आलं नाही ते मूल व्हीलचेअरसकट फांद्यांमध्ये जाऊन खाली बघतं, मला विचाराल तर अख्ख्या गावात बांधलेली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे.

९. सूर्यास्त कुठून बघायचा?

किनारा पश्चिमेकडे आहे त्यामुळे कुठूनही. उंचावरून हवा तर बॅटरी पार्क, १८१३ साली ब्रिटिश जहाजांशी तोफांची चकमक झाली ती इथे. जूनअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणून मुलांना आधी जेवू घालून या. ओकलेजला उभ्या दगडांचं एक वर्तुळ आहे, तिथे उन्हाळा-हिवाळ्यातल्या ठराविक दिवसांना सूर्य ठराविक दगडामागे मावळतो. फटाके बघायचे असतील तर बर्लिंग्टनमध्ये ते ४ जुलैला नसतात, ३ तारखेला रात्री असतात, हे न कळल्यामुळे एक दिवस उशिरा येणारे खूप.

१०. बाइक पाथ किती लांब आहे? मुलांना झेपेल?

ग्रीनवे म्हणतात त्याला, दक्षिणेला ओकलेजपासून उत्तरेला विनूस्की नदीपर्यंत सुमारे १३ किलोमीटर, जुन्या रेल्वे लाइनवरून काढलेला म्हणून चढ फारसे नाहीत. वॉटरफ्रंटवर सायकली भाड्यानं मिळतात. लहान मुलं असतील तर वॉटरफ्रंट ते नॉर्थ बीच आणि परत, पुष्कळ झालं.

दमदार मंडळींनी मात्र नदीवरचा पूल ओलांडून पुढे कोल्चेस्टरच्या कॉजवेला जावंच. रटलंड रेल्वेनं भर लेकमध्ये संगमरवराचे ओबडधोबड दगड टाकून लाइन नेली होती, आता रूळ नाहीत, फक्त अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना पाणी, पाच किलोमीटरच्या आसपास. मध्ये साधारण ६० मीटरचा तुटलेला भाग आहे, पूर्वी तिथे बोटींसाठी फिरता पूल होता, आता सीझनमध्ये एक छोटी फेरीबोट (बाइक फेरी) तुम्हाला सायकलसकट पलीकडे नेते. वारा जास्त असला की फेरी बंद, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा. वॉटरफ्रंटपासून तिथपर्यंत एका बाजूनं पंधरा-सोळा किलोमीटर होतात आणि कॉजवेवर सावली शून्य, पाणी आणि टोपी विसरलात तर हाल.

११. एवढी मोक्याची जागा, तिथे हॉटेलं-टॉवर कसे नाहीत?

हा प्रश्न पुणे-मुंबईच्या प्रत्येक माणसाला पडतो आणि मला त्याचं उत्तर द्यायला फार आवडतं. एकोणिसाव्या शतकात हे लाकडाचं मोठं बंदर होतं, मग रेल्वे यार्ड, तेलाच्या टाक्या, कोळशावर चालणारं मोरन वीज केंद्र (१९८६ ला बंद झालं, त्याचा लोखंडी सांगाडा अजून काठावर उभा आहे). गावकऱ्यांना पाण्यापर्यंत जायला धड वाट नव्हती. ऐंशीच्या दशकात बर्नी सँडर्स (पुढे सेनेटर झालेले) इथले महापौर असताना तिथे हॉटेल, घरं, दुकानं असा मोठा खासगी प्रकल्प आला, त्यासाठी कर्जरोखे काढायला दोन तृतीयांश मतं लागत होती. १९८५ च्या मतदानात तेवढी पडली नाहीत आणि प्रकल्प बारगळला. मग शहर आणि राज्य रेल्वे कंपनीविरुद्ध कोर्टात गेले. मुद्दा असा होता की ही बरीचशी जमीन म्हणजे लेकमध्ये भर घालून केलेली, आणि लेक तर लोकांचा. १९८९ मध्ये व्हरमाँटच्या सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं, भराव घातला म्हणून जमीन मोकळी मालकीची होत नाही, सार्वजनिक कामासाठीच वापरायची. तुम्ही झोपाळ्यावर बसता ती हिरवळ ह्या निकालामुळे आहे. आपल्याकडच्या प्रत्येक तलावाच्या काठावर भराव पडताना बघितला की मला हा निकाल आठवतो.

१२. कयाक किंवा पॅडलबोर्ड घ्यायचाय, पोहता येत नाही, चालेल का?

लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याला धरून, सकाळी. वारा बहुतेक दुपारी वाढतो आणि लेक उत्तर-दक्षिण लांबच लांब असल्यामुळे दक्षिणेचा वारा सुटला की लाटा समुद्रासारख्या चढतात. पहिल्यांदाच करत असाल तर बंदराच्या ब्रेकवॉटरच्या (लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाच्या) आतच राहा. कायद्यानं बोटीत प्रत्येकासाठी जॅकेट लागतंच, बारा वर्षांखालच्या मुलांनी ते अंगात घालायचं. पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही घालायचं, ह्यात वाद नको. मोटरबोटीला वेगळे नियम आहेत, १ जानेवारी १९७४ नंतर जन्मलेल्यांना बोटिंगचा कोर्स केलेला लागतो, भाड्यानं घेताना आधीच विचारा. स्कूबावाल्यांसाठी इथे खजिना आहे, ब्रेकवॉटरजवळ १८७६ च्या डिसेंबरमध्ये बुडालेलं जनरल बटलर हे मालवाहू जहाज तळाशी अजून आहे, आणि घोड्यांना चालवून पुढे जाणाऱ्या फेरीबोटीचा सांगाडाही. राज्य सांभाळतं, नोंदणी करून उतरायचं.

१३. मासे पकडून खाल्ले तर?

१५ वर्षं आणि त्यावरच्यांना लायसन्स लागतं, एक दिवसाचंही मिळतं. यलो पर्च तळून फार छान लागतो, तुकडी करून रवा लावून करा. वॉलाय आणि मोठा लेक ट्राउट ह्यांच्यात पारा असतो, किती खावं ह्याचे राज्याचे नियम आहेत, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी ते जास्त कडक आहेत.

१४. कॅम्पिंग करता येतं का? शेकोटीची लाकडं घरून आणू?

नॉर्थ बीचला लागूनच गावाचं कॅम्पग्राउंड आहे, तंबू आणि आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) दोन्हीसाठी, उन्हाळ्यातले वीकेंड लवकर भरतात. लाकडं मात्र घरून आणायची नाहीत. राज्याबाहेरची प्रक्रिया न केलेली जळाऊ लाकडं व्हरमाँटमध्ये आणायला बंदी आहे, त्यातून किडे येतात आणि इथली अ‍ॅशची झाडं मरतात. इथेच विकत घ्या. पार्कमध्ये आणि बीचवर उघडी दारूची बाटली चालत नाही. कुत्रं नॉर्थ बीचवर चालत नाही, त्याच्यासाठी वेगळे डॉग पार्क आहेत.

१५. गवतात, झाडीत काही धोका?

साप विचारतात सगळे, पण खरी काळजी गोचिडीची. लाइम रोग व्हरमाँटमध्ये भरपूर आहे. उंच गवतातून आलात तर रात्री मुलांचे गुडघ्यामागचे, काखेतले, कानामागचे भाग नीट तपासा, खसखशीएवढीही असते. वाटेच्या कडेला तीन-तीन पानांचं पॉयझन आयव्ही असतं आणि पिवळ्या छत्रीसारख्या फुलांचं रानटी पार्सनिप, ह्याचा रस लागून ऊन पडलं की फोड येतात. मुली फुलं तोडायला धावतात, आधीच सांगून ठेवा.

१६. हिवाळ्यात लेक गोठतो म्हणे, त्यावर चालायचंय.

बर्लिंग्टनचा उपसागर काही वर्षी गोठतो, पूर्ण लेक गोठणं अलीकडे कमी झालंय. लोक वर बसून मासे पकडताना दिसले म्हणून तुम्ही जाऊ नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्याच लेकवर बर्फ फुटून तीन मच्छीमार गेले, आयुष्य बर्फावर काढलेली माणसं होती ती. मुलांना स्केटिंग हवंच असेल तर लेडी पार्कमध्ये बंदिस्त रिंक आहे.

१७. चॅम्प खरंच आहे का?

लेकमधला राक्षस. कुणाला सापडलेला नाही, पण नाव प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. मुलांना खरी गोष्ट सांगायची तर ही सांगा: हिमयुग संपल्यावर इथे समुद्र शिरला होता, आणि १८४९ मध्ये जवळच्या शार्लटला रेल्वे खणताना चक्क बेलुगा देवमाशाचा सांगाडा मिळाला.

१८. गणपती विसर्जन लेकमध्ये चालेल का? मूर्ती शाडूचीच आहे.

नको. शाडूची असली तरी नको, रंग-माळा-निर्माल्य काहीच नको. राज्याच्या पाण्यात काही टाकणं कायद्यात बसत नाही, हेच पाणी गाव पितं (प्रश्न ६), आणि गणपतीचे दिवस हे नेमके शेवाळाचे दिवस (प्रश्न ५). मी सुचवतो ते असं, लहान मूर्ती आणा, घरी टबमध्ये विसर्जन करा, माती कुंडीत घाला. लेकच्या काठावर येऊन आरती करायला कुणाची ना नाही, चार-सहा घरं जमून, आवाज बेताचा ठेवून, निरंजन सांभाळून. वीस-पंचवीस माणसं आणि ढोल-ताशा असेल तर आधी शहराच्या पार्क विभागाकडे परवानगीचा अर्ज करावा लागतो, आणि तो जुलैतच करून टाका कारण सप्टेंबरचे वीकेंड लग्नांनी भरलेले असतात. निर्माल्यातला दोरा आणि चमकी काढून फुलं-पानं कंपोस्टला द्या.